ठोकून बघितल्याशिवाय उचलू नये

गॅसची टाकी भरलेली आहे की रिकामी, हे उचलण्याच्या आधी कळतं. बोट दुमडून तिच्या पोटावर दोनदा ठोकायचं. रिकामी असेल तर घुमते, आवाज थोडा वेळ रेंगाळतो. भरलेली असेल तर ठप्प. पोटभर जेवून आडव्या झालेल्या माणसाला हाक मारली की तो नुसता ‘हूं’ म्हणतो, तसं. आमच्या कामात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतात. कारण रिकामी टाकी एका हातानं उचलायची असते आणि भरलेलीला सगळं अंग लावावं लागतं. पनवेलमध्ये मी वीस वर्षं घरोघरी टाक्या पोचवल्या. कितीतरी जणांना हे ठोकणं शिकवलं. आणि एका दुपारी मीच ठोकायचं विसरलो.

माझं नाव मारोती. नाव ऐकून लोकांना वाटतं, हा डोंगर उचलणारच. गाव किनवटच्याही पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि विसाव्या वर्षी गावाकडच्या एकाच्या ओळखीनं इकडं आलो. लिहायची सवय नाही. या अंकाचं काम बघणाऱ्या ताई माझ्या गिऱ्हाईक. त्यांनी सांगितलं म्हणून लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मुलीनं बघितलं आहे, बाकीच्या चुका माझ्या.

भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास असते. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये ती डाव्या खांद्यावर घ्यायची, कारण उजवा हात कठड्याला लागतो. आधी मांडीवर, मांडीवरून खांद्यावर, आणि या दोन झटक्यांत श्वास सोडायचा नाही. दम धरून पोट आवळायचं. हे दम धरणं पुढं मला कसं नडलं ते येईलच. वर पोचलं की गिऱ्हाइकासमोर सील तोडायचं, आतलं रबर बघायचं, साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला नाही की काम झालं.

बाकीच्यांचं तिथं संपायचं, माझं नाही. मी पहिल्यापासून घाबरट. दोन जिने उतरलो की मनात यायचं, रबर नीट बसलं होतं ना? की परत वर.

‘ताई, वास येत नाही ना?’

‘अहो काका, आत्ताच तर बघून गेलात!’

खांदा कॉलनीत एक रिटायर्ड साहेब होते. त्यांनी दाराच्या चौकटीला स्वतःचा काटा टांगून ठेवला होता. आमच्या काट्यावर टाकी तोलली की ते त्यांच्या काट्यावर तोलायचे, मग पुन्हा आमच्या. सगळी पोरं त्यांच्याकडं जायला कुरकुरायची. मला ते साहेब आवडायचे. आपल्यासारखं आणखी एक माणूस जगात आहे, याचं बरं वाटायचं.

आणि जुन्या पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या खाला. त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसतं. मी पहिल्या मजल्यावर असेन तेव्हाच त्यांचं दार उघडायचं. ‘मारुती बेटा, तुझे पाय मला पाठ आहेत,’ म्हणायच्या. मी आजारी पडायच्या दोन-तीन महिने आधी त्यांनी मला दारातच थांबवलं.

‘तुझी चाल बदलली रे. पहिले दोन्ही पाय एकसारखे वाजायचे. आता एक वाजतो, एक घासतो. तबियत दाखवून घे.’

‘नवीन चप्पल आहे, खाला.’

चप्पल जुनीच होती. खालांनी मला ठोकून बघितलं होतं, आवाजही बरोबर ओळखला होता. मी ऐकला नाही.

आता धावण्याविषयी. माहूर आमच्या गावापासून फार लांब नाही. नवरात्राच्या सुरुवातीला आमच्याकडची पोरं माहूरच्या देवीपासून ज्योत घेऊन गावापर्यंत पळत येतात. मी तेरा वर्षांचा असल्यापासून त्यात होतो. शाळेत मला एकाही विषयात कुणी शाबासकी दिली नव्हती. रस्त्यावर मात्र मोठी माणसं म्हणायची, ‘ह्या पोराला पळू द्या.’ पनवेलला आलो तेव्हा ते सगळं मागं राहिलं असं धरूनच चाललो होतो.

मी राहतो ती खोली बळीराम दादांच्या चाळीतली आहे. दादा इथले मूळचे. वाडवडील मिठागरात राबले, आता दादांचा टेम्पोचा धंदा आहे, नेरे गावाच्या बाजूला जमीन आहे. पहिल्या वर्षी एका पहाटे मी रस्त्यानं नुसताच पळत होतो, घरची आठवण आली की पळायचो. मागून दादांचा टेम्पो आला. त्यांनी काच खाली केली.

‘काय रं, कुनी मागं लागलाय का?’

‘नाही दादा. असंच.’

‘असंच? मंग आमच्या गावच्या ज्योतीला चल. आमाला असंच पलनारी मानसं लागतान.’

दादांच्या गावची पोरं घाटावरच्या देवीपासून ज्योत आणतात. एक जण मशाल घेऊन पळतो, थकला की धावता धावताच पुढच्याच्या हातात देतो. ज्योत थांबत नाही, जमिनीला टेकत नाही. मागं टेम्पो असतो. त्यात तेलाचा डबा, पाणी, आणि ज्यांना आता पळवत नाही अशी माणसं. कुणी मागं पडला की सगळे ओरडतात, ‘टेम्पोत बस रं, टेम्पोत बस!’ आमच्यात याहून मोठी शिवी नाही. गाढी नदीच्या पुलापासून गावाच्या वेशीपर्यंतचा शेवटचा टप्पा सहा किलोमीटरचा. तो पंधरा वर्षं माझा होता. गाव माझं नव्हतं, बोली माझी नव्हती, पण वेशीवर आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बाया म्हणायच्या, ‘आला, आपला मारुती आला.’ त्या ‘आपला’साठी मी वर्षभर पळायचो. रविवारी नेऱ्यापर्यंत जाऊन यायचो, आणि टाक्यांचे जिने तर रोजचेच होते.

याच दिवसांत माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली. गजानन नावाचा जालन्याकडचा एक जोडीदार होता. कंबर दुखते म्हणायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, हा चौथा मजला चुकवतो. एकदा त्यानं सगळ्यांसमोर टाकी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी हसत म्हटलं, ‘गजाननराव, टेम्पोत बसा!’ सगळे हसले. महिन्याभरात तो काम सोडून गावी गेला. मी एक फोनही केला नाही.

मग माझी ती दुपार आली. मार्च महिना होता, नवीन पनवेलची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. मी भरलेली टाकी आत ठेवली, जोडून दिली, साबणाचं पाणी लावलं. रिकामी टाकी नेहमीप्रमाणे दाराबाहेर ठेवलेली. खिशात फोन वाजत होता, पुढचं गिऱ्हाईक. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं टाकीचं कडं धरलं आणि उचलता उचलता जिन्याकडं वळलो. रिकामी अशीच उचलतात, वळता वळता.

ती भरलेली होती. त्या घरी दोन टाक्यांचं कनेक्शन होतं, आणि वहिनींनी चुकून जादाची भरलेली बाहेर काढली होती. त्यांना काय कळणार? कळायला मला हवं होतं. दोनदा बोट लावायचं होतं, एवढंच. हाताला पंधरा किलोची तयारी, आलं तीस किलो, आणि अंग अर्धं वळलेलं. कमरेत काहीतरी कट् झालं आणि डाव्या पायातून विजेसारखी कळ घोट्यापर्यंत उतरली. मी जिन्यावर बसलो तो उठलोच नाही.

वहिनी घाबरून पाणी घेऊन आल्या. मी त्यांना काय म्हणालो असेन? ‘वहिनी, आतला रेग्युलेटर बंद केलाय ना, बघून या.’

कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती आणि नस दाबली गेली होती. डॉक्टरांनी फोटो काढला, ऑपरेशन आत्ता नको म्हणाले. गोळ्या, पाठीवर पडून राहणं, मग हळूहळू व्यायाम. पुन्हा टाक्या उचलणार का विचारलं तर म्हणाले, ते विसरा. पुन्हा पळणार का हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. बायको सुनीतानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘आधी मोरीपर्यंत तर चालू दे.’

त्या दिवसांत मी छताकडं बघत पडलेला असायचो. सुनीता सकाळी दोन घरची पोळ्या-भाजीची कामं करून यायची आणि मग मला कुशीवर वळवायची. मला वाटायचं, गावाकडून इतक्या लांब आलो ते अंगातल्या बळावर. बळच गेलं तर इथं आपलं आहे कोण? गॅस एजन्सीच्या शेठनी माणूस पाठवून सांगितलं, बरा झालास की गोडाऊनला ये, रबर आणि सील तपासायला तुझ्यासारखा शंकेखोर माणूसच पाहिजे. दादांनी खोलीच्या भाड्याचा विषयच काढला नाही, एकदा टोपलीभर जिताडे, खाडीतले मासे, तेवढे आणून दिले. या लोकांचे उपकार कसे फेडायचे, याचीही मला काळजी लागून राहायची.

पंधराव्या दिवशी मी गजाननला फोन लावला. ‘मी मारोती,’ एवढं म्हटलं.

‘मारोतीभाऊ? आवाज काहून असा येऊ लागला?’

‘कंबर गेली, गजानन.’

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

‘खालती गादी घेऊन झोपू नका,’ म्हणाला. ‘पाठ फळीवर पाहिजे. अन् एक ऐका. थोडं बरं वाटलं की आपल्याला वाटतं सगळंच बरं झालं. मी तिथंच फसलो. घाई केली. आता मला पोतं उचलता येत नाही, पोरगीबी कडेवर घेता येत नाही. तुम्ही घाई करू नका.’

मी म्हटलं, ‘त्या दिवशी मी तुला बोललो होतो...’

‘राहू द्या ना भाऊ,’ तो म्हणाला. पण आठवतंय, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

मे महिन्यात मी व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊ लागलो. त्यांना सगळे स्नेहल मॅडम म्हणतात. वयानं माझ्याहून खूप लहान. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, नवरात्रात सहा किलोमीटर पळता येईल का? त्या हसल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. वहीत लिहून दिलं: दहा मिनिटं चालणे.

‘एवढंच?’

‘काका, बॉस आता तुम्ही नाही. कंबर बॉस आहे. ती काय म्हणते ते रोज सकाळी विचारायचं, मग बाहेर पडायचं.’

हे मला समजलं. ठोकून बघायचं, मग उचलायचं. मी रोज उठल्यावर भिंतीला धरून एक पाय उचलायचो, मग दुसरा. पुढं वाकायचो, जिथं ओढ लागेल तिथं थांबायचो. कळ मांडीपर्यंत आहे की गुडघ्याखाली उतरली, हे बघायचो. गुडघ्याखाली उतरली असेल तर त्या दिवशी नुसतं चालायचं. वर सरकली असेल तर वहीतलं पुढचं पान.

दहा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. जुलैमध्ये मॅडमनी लिहिलं: चार मिनिटं चालणे, एक मिनिट धावणे, असं पाच वेळा. ज्या माणसानं नेरे गाठून परत यायचं, त्याला एक मिनिट. मी वडाळे तलावाच्या कडेला जायचो. तिथं माझी अर्धी गिऱ्हाइकं फिरायला येतात. एक मिनिट पळालो की थांबायचं, हे त्यांच्यासमोर जमायचं नाही. लाजेनं मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचो. एक काका म्हणालेच, ‘गॅसवाले, नाडी बदला हो, सारखी सुटते.’

पण एका मिनिटातच मला धाप लागायची. इतकी की छाती फुटेल. मी घाबरलो, म्हटलं आता हृदयाचं काहीतरी निघालं. मॅडमनी मला क्लिनिकच्या बोळात पळायला लावलं आणि दहा पावलांत थांबवलं.

‘काका, श्वास कुठाय?’

‘घेतोय की.’

‘घेताय, पण सोडत नाही. दम धरून धावताय तुम्ही. खांद्यावर टाकी आहे का आत्ता?’

मी खांद्याकडं बघितलं. खरंच, डावा खांदा वर आणि पोट आवळलेलं. वीस वर्षांत अंगाला एवढंच माहीत झालं होतं की जोर लावायचा तर दम धरायचा. आता कमरेची भीती बसल्यावर ते प्रत्येक पावलाला दम धरत होतं.

‘बोलत बोलत धावा. बोलणारा माणूस दम धरू शकत नाही.’

‘एकटा काय बोलू?’

‘काहीही. पाढे म्हणा.’

पाढे मला बारापर्यंत येतात, तेही अडखळत. पण एक गोष्ट पाठ होती. दुसऱ्या दिवशी तलावाच्या कडेनं मी मोठ्यानं म्हणत पळालो, ‘ए विंग, पहिला मजला, म्हात्रे. ए विंग, दुसरा मजला, पाटणकर. तिसरा मजला, खाला. बी विंग, चौथा मजला, लिफ्ट बंद.’ प्रत्येक नावाला श्वास बाहेर. मिनिट संपलं तेव्हा धाप नव्हती. मागून एक बाई जोडीदारणीला म्हणाल्या, ‘अगं, काम गेल्यावर असं होतं कधीकधी.’ आणि त्याच आठवड्यात पाटणकर वहिनी वळून म्हणाल्या, ‘काका, आमचं नाव घेतलंत! टाकी आली का?’

ऑगस्टपर्यंत मी न थांबता दोन किलोमीटर पळू लागलो. आणि गजानन म्हणाला होता तेच झालं. बरं वाटू लागलं. नवरात्र दीड महिन्यावर आलेलं, मनात एकच हिशोब, दोनाचे सहा कसे करायचे. एका रविवारी सुनीतानं विचारलं, ‘कुठं चाल्लाव?’ मी म्हटलं, ‘तलावावर.’ आणि नेऱ्याच्या रस्त्याला लागलो. त्या सकाळी कमरेला काही विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते आतून माहीत होतं. रात्री पाय थोडा झिणझिणला होता.

जाताना पायाला पंख होते. डोंगर समोर, भाताची खाचरं हिरवीगार, मी नावं म्हणत चाललो होतो. मग नावं म्हणायची थांबली, ते कळलंच नाही. चार किलोमीटरवर एका फार्महाऊसच्या वळणावर डावं पाऊल रस्त्याला लागलं आणि मला ते लागलेलं कळलंच नाही. पाऊल बधिर. पुढच्या पावलाला कळ. मी कसाबसा ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यापर्यंत पोचलो आणि अर्धा वाकलेला तसाच उभा राहिलो. बसता येईना.

डोंगराकडून एक ठाकरीण रानभाज्यांचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. माझ्याहून मोठी असेल. ती थांबली. मला खालून वर बघितलं.

‘डोक्यावर बोजा नाय, पाठीवर बोजा नाय, मंग वाकलास कशानं?’

मी कमरेकडं बोट दाखवलं. तिनं आपला भारा कठड्यावर टेकवला, माझ्या काखेत हात घालून मला हळूच खाली बसवलं, आणि गाडी मिळेपर्यंत शेजारी बसून राहिली. बाजाराचा टाइम चुकत होता तिचा. मी नाव विचारायचं विसरलो. तेव्हापासून बाजारात भाजीवाल्या बाया बसतात तिथून जाताना मी तोंडं बघत जातो. अजून दिसली नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. त्यांनी वहीतली पानं मागं उलटली आणि बोट ठेवलं: दहा मिनिटं चालणे. मे महिन्याचं पान. मी त्यांच्या खुर्चीत बसून रडलो. एवढा मोठा माणूस.

‘नवरात्र?’ मी विचारलं.

‘सध्या तुम्ही फक्त उद्या सकाळचं बघा.’

मी तेवढंच बघितलं. आता खोटी नाडी बांधली नाही. चालायच्या मिनिटात उघड चाललो. गोडाऊनमध्ये दिवसभर रबर तपासायचो, सकाळी स्वतःला तपासायचो. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात कळ गुडघ्याच्या वर गेली होती आणि मी पुन्हा दोन किलोमीटर पळू लागलो होतो. मॅडम म्हणाल्या, ‘दोन. दोनशे मीटरसुद्धा जास्त नाही. दोन झाले की हातातलं देऊन टाकायचं आणि बसायचं. मला शब्द द्या.’ मी दिला.

त्या संध्याकाळी दादांच्या अंगणात टप्पे वाटले. दादांच्या पुतण्यानं, रोशननं, यादी वाचली. शेवटच्या टप्प्याला थांबला. सगळे माझ्याकडं बघू लागले.

‘मी पुलापासून शाळेपर्यंत. दोन किलोमीटर,’ मी म्हटलं. ‘पुढं दुसऱ्या कुणाला द्या.’

एक जण हसत म्हणाला, ‘मंग टेम्पोत बसनार काय, काका?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘टेम्पोत बसणार.’

कुणी हसलं नाही. दादा आत निघून गेले.

आज या गोष्टीला वर्ष झालं. मी गोडाऊनलाच आहे. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगांत कधी गडी कमी असला तर जातो, ट्रॉलीवरून. टाकी खांद्यावर घेतलेली नाही. आठवड्यातून तीन दिवस पाच किलोमीटर पळतो, मधे एक मिनिट चालतो. नेरे अजून गाठलेलं नाही. गाठेन की नाही, माहीत नाही. खाला म्हणतात, पाय आता जवळजवळ सारखे वाजतात. त्यांचं ‘जवळजवळ’ मी घरी आणतो आणि त्यावर रात्रभर विचार करतो. स्वभाव जात नाही.

पण सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

ज्योत पुलावर आली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. मी उठल्यापासून तीन वेळा पाय उचलून बघितले होते. मशाल हातात आली. ती डाव्या हातात घ्यायची माझी सवय, मॅडमनी सांगितलं होतं हात बदलत राहा. मी निघालो. मागं टेम्पोचा आवाज, पुढं रिकामा रस्ता. तोंडात नावं, ‘ए विंग, पहिला मजला.’ श्वास बाहेर. अंग कधी नव्हे ते हलकं झालं होतं. पहिल्या किलोमीटरला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेलाच्या धुरानं असं मी नंतर सांगितलं.

शाळेचं कुंपण दिसलं. रोशन तिथं माझ्या बाजूनं धावायला लागला, हात पुढं केला, आणि माझ्याकडं बघून मागं घेतला.

‘काका, मस्त चाललंय तुमचं. काय दुखत नाय ना? जा की पुढं. चारच तर राहिलेत.’

काही दुखत नव्हतं. खरंच नव्हतं. वेशीवर बाया ताट घेऊन उभ्या असणार होत्या. मी मनात स्वतःला दोनदा ठोकून बघितलं. आवाज भरल्यासारखा होता. पण मधे कुठंतरी, अगदी बारीक, काहीतरी घुमलं. नावं थांबली होती. मी पुन्हा दम धरला होता.

मशाल मी रोशनच्या हातात दिली.

तो पुढं गेला. माझे हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं मला कळेना. टेम्पो शेजारी येऊन हळू झाला. मागच्या पोरांनी हात पुढं केले, पण पुढचं दार उघडलं. गाडी दादाच चालवत होते. दरवर्षी तेच चालवतात. त्यांचे गुडघे गेले त्याला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत ‘टेम्पोत बस’ असं ओरडताना गाडीत कोण बसलं आहे हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

‘ये. जागा हाय,’ दादा म्हणाले.

मी बॉस, म्हणजे कंबर, म्हणेल तसं, आधी पाठ टेकवून, मग पाय आत घेऊन बसलो. दादांच्या पायाशी काचेचा कंदील होता, पेटलेला. वाऱ्यानं मशाल विझलीच तर पुन्हा लावायला देवीच्या देवळातूनच त्याच ज्योतीवर तो पेटवून आणतात. असा कंदील असतो हे मला ऐकून माहीत होतं. बघितला नव्हता.

‘तो मांडीवर घे,’ दादा म्हणाले. ‘इतकी वरसं पायात धरून चालवतंय. हलतो.’

मी कंदील मांडीवर घेतला. काच गरम होती. दादांनी गाडी सावकाश रोशनच्या मागं लावली.

‘बघ आता. इथनं ज्योत सगली दिसतं.’

मी समोर बघितलं. पंधरा वर्षं ती माझ्या डोक्याच्या वर होती. पळणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो आणि धूर. सकाळच्या उजेडात ती दिसेल असंही मला वाटलं नव्हतं. दिसत होती. प्रत्येक पावलाला वर जात होती, खाली येत होती, आणि वेस येईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही.